लेझरने चष्मा गेला, हिशेब राहिला

मोतीबिंदूवरच्या लेखानंतर वाचकांची जी पत्रे आली, त्यांतील तीन पत्रांत एकच प्रश्न होता. दोन पत्रे बेळगाव शहरातली, एक गडहिंग्लजहून आलेले. ‘वीस-पंचवीस वर्षांपूर्वी लेझर करून चष्मा घालवला. आता मोतीबिंदू झाला आहे असे सांगतात. मग ऑपरेशन करता येईल का?’

उत्तर एका शब्दाचे आहे : येईल. ऑपरेशन तेच, भूल तीच, घरी जाणेही बहुधा त्याच दिवशी. फरक पडतो तो एकाच ठिकाणी. डोळ्यात जे भिंग बसवायचे, त्याचा नंबर काढताना डॉक्टरला वेगळा हिशेब मांडावा लागतो. आणि तो मांडायचा, तर पूर्वी लेझर झाले आहे हे त्याला ठाऊक असावे लागते. आजचा लेख या हिशेबाविषयी.

आधी ‘लेझर’ या शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे या एका शब्दात चार-पाच गोष्टी कोंबलेल्या असतात. मधुमेहात डोळ्याच्या पडद्यावर करतात ते लेझर, काचबिंदूत करतात ते लेझर, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर भिंगामागची झिल्ली धुरकट झाली की करतात ते लेझर. शिवाय फेको पद्धतीने मोतीबिंदू काढला तरी लोक ‘लेझरने काढला’ असेच सांगतात. वास्तविक फेकोत काम करतात त्या ध्वनीच्या सूक्ष्म लहरी. या कशाशीही आजच्या विषयाचा संबंध नाही. आज बोलायचे आहे ते चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी बुबुळावर केलेल्या लेझरविषयी. पी.आर.के., लेसिक, अलीकडचे स्माइल ही त्याचीच भावंडे. बुबुळ म्हणजे इथे डोळ्याच्या पुढच्या बाजूची पारदर्शक काच, जिला आम्ही कॉर्निआ म्हणतो.

ग्रीसमधील डॉ. पल्लिकारिस यांनी 1990 च्या सुमारास लेसिकची पद्धत पुढे आणली. बुबुळाला आकार देणाऱ्या एक्सायमर लेझरला अमेरिकेत 1995 साली परवानगी मिळाली आणि त्याच दशकात आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही ही यंत्रे आली. त्या वेळी विशी-तिशीत असलेली मंडळी आज पन्नाशीच्या आसपास आहेत किंवा ती ओलांडून गेली आहेत. त्यातून ज्यांचा उणे नंबर मोठा होता, त्यांना मोतीबिंदू इतरांपेक्षा जरा लवकर गाठतो. म्हणूनच हा प्रश्न दवाखान्यात आता वारंवार समोर येऊ लागला आहे.

भिंगाचा नंबर काढतात कसा?

शिंप्याने सदरा शिवण्याआधी छाती आणि उंची मोजावी, तशी आम्हीही मुख्यतः दोन मापे घेतो. एक, डोळ्याची पुढून मागे लांबी. ती सर्वसाधारणपणे साडेतेवीस मिलिमीटरच्या आसपास असते. उणे नंबरवाल्यांचा डोळा लांब असतो. दुसरे, बुबुळाची वक्रता, म्हणजे प्रकाश वळवण्याची त्याची ताकद. ही साधारण 43-44 डायॉप्टर असते. ही मापे सूत्रात घातली की भिंगाचा नंबर निघतो. लांबी मोजण्यात एक मिलिमीटरची चूक झाली, तर भिंगाच्या नंबरात अडीच डायॉप्टरच्या आसपास फरक पडतो. बुबुळाच्या मापात एका डायॉप्टरची चूक झाली, तर भिंगही जवळजवळ तेवढेच चुकते.

हे गणित पहिल्यापासून असे पक्के नव्हते. डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याची पहिली शस्त्रक्रिया डॉ. हॅरोल्ड रिडली यांनी 29 नोव्हेंबर 1949 रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात केली. भिंग डोळ्याने स्वीकारले, पण नंबर असा फसला की त्या बाईंना सुमारे उणे 18 चा चष्मा लागला! नैसर्गिक भिंगाचा घाट प्लॅस्टिकमध्ये उतरवला होता. पण प्लॅस्टिक प्रकाशाला कितीतरी जास्त वळवते. पुढे 1967 मध्ये रशियाचे डॉ. फ्योदोरोव्ह यांनी भिंगाचा नंबर काढण्याचे सूत्र मांडले. नंतर 1980 च्या सुमारास अमेरिकेतील तीन डॉक्टरांच्या आद्याक्षरांवरून ओळखले जाणारे ‘एस.आर.के.’ सूत्र आले आणि ते जगभर पोचले. आजची सूत्रे त्याच्या पुष्कळ पुढे गेली आहेत. ज्या डोळ्यांना पूर्वी कसलाही हात लागलेला नाही, त्यांत ऑपरेशननंतरचा नंबर बहुतेकांचा ठरवल्यापासून अर्ध्या डायॉप्टरच्या आत येतो.

मग लेझर झालेल्या डोळ्यात काय बिघडते?

उणे नंबर घालवताना लेझरने बुबुळाचा मधला भाग चपटा केलेला असतो. नजर सुधारते ती त्यामुळेच. पण आमची नेहमीची मोजणी त्यामुळे तीन ठिकाणी फसते.

पहिली फसगत यंत्राची. वक्रता मोजणारे केराटोमीटर बुबुळाच्या अगदी मध्यावर मोजत नाही. मध्याभोवतीच्या सुमारे तीन मिलिमीटरच्या कड्यावर मोजते. सगळ्यात चपटा भाग त्या कड्याच्या आत राहून जातो.

दुसरी फसगत गृहीतकाची. हे यंत्र बुबुळाची फक्त पुढची बाजू पाहते. मागची बाजू पुढच्या बाजूच्या ठरावीक प्रमाणात असणार असे धरून ते एकूण ताकदीचा आकडा देते. लेझरने पुढची बाजू बदलली, मागची होती तशीच राहिली. प्रमाण मोडले, पण यंत्राला त्याचा पत्ता नसतो. या दोन्ही कारणांनी बुबुळाची ताकद असते त्याहून जास्त दाखवली जाते.

तिसरी फसगत सूत्राची. नवे भिंग डोळ्यात किती खोल जाऊन बसेल, याचा अंदाज बरीच सूत्रे बुबुळाच्या वक्रतेवरून बांधतात. चपटे बुबुळ दिसले की भिंग पुढे बसेल असे ती समजतात. प्रत्यक्षात लेझरने डोळ्याची खोली बदललेली नसते. भिंग बसायचे तिथेच बसते.

या तिन्ही चुका एकमेकींना खोडून काढत असत्या तर बरे झाले असते. पण तिन्ही एकाच दिशेने ओढतात. भिंग हवे त्यापेक्षा कमी ताकदीचे निघते आणि ऑपरेशननंतर माणसाच्या वाट्याला अधिक नंबर येतो. मूळचा उणे नंबर जितका मोठा, तितकी ही ओढ जास्त. (ज्यांनी अधिक नंबर घालवण्यासाठी लेझर केले होते, त्यांच्यात चूक उलट दिशेने, म्हणजे उणे नंबराकडे होते.)

इथे कोणी म्हणेल, एक-दीड नंबर राहिला तर काय बिघडले? पण उणे एक आणि अधिक एक यांत फार अंतर आहे. उणे एक राहिलेल्याला लांबचे थोडे अंधूक दिसते, पण तांदूळ निवडता येतात, मोबाइलवरचे मोठे अक्षर दिसते. अधिक नंबर राहिला, तर पन्नाशीनंतर लांबचेही धड नाही आणि जवळचेही नाही. निपाणीकडचे एक गृहस्थ असेच माझ्याकडे आले होते. ऑपरेशन दुसऱ्या शहरात झाले होते आणि ते उत्तम झाले होते. भिंग जागेवर, पडदा निरोगी. पण नंबर आला अधिक सव्वादोन. तिथल्या छापील अर्जात मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, औषधांची ॲलर्जी हे सारे विचारले होते. लेझरचा रकाना नव्हता आणि यांनीही सांगितले नाही. ‘ते काय ऑपरेशन होतं डॉक्टर? दहा मिनिटांचं काम. संध्याकाळी मी घरी होतो,’ ते मला म्हणाले. त्यांच्या मनात ते ऑपरेशन नव्हतेच. लेझर केलेल्या अनेकांच्या मनात ते तसे नसते.

आणि कित्येकदा ठाऊक असूनही ते सांगितले जात नाही. त्याचे कारण डोळ्यात नसते, घरात असते.

खानापूर तालुक्यातल्या एका बाईंची हकीकत सांगतो. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय पन्नाशीपुढचे. उजव्या डोळ्यात चांगलाच मोतीबिंदू. सोबत यजमान आणि नवी सून. ‘पूर्वी डोळ्याचं काही ऑपरेशन, लेझर?’ असे मी विचारताच यजमान म्हणाले, ‘छे हो डॉक्टर, हिला चष्मासुद्धा नव्हता कधी. चाळिशीचा लागला तेवढाच.’ बाई गप्प.

मापे घेतली. डोळ्याची लांबी 26.3 मिलिमीटर, बुबुळाची ताकद 38.8. डोळा एवढा लांब असताना लहानपणी चष्मा लागलाच नाही, हे जुळेना. एवढे चपटे बुबुळही क्वचितच जन्मजात असते. दिव्याखाली बारकाईने पाहिले तेव्हा बुबुळाच्या कडेला लेसिकच्या पापुद्र्याची अगदी पुसट गोल रेघ दिसली. ती प्रत्येक वेळी दिसतेच असे नाही. पी.आर.के. केले असेल तर पापुद्राच नसतो.

थेंब घालण्यासाठी बाईंना आतल्या खोलीत बसवले आणि एकटीलाच विचारले, ‘ताई, लेझर कधी केलं होतं?’

त्यांनी आधी दाराकडे पाहिले. ‘ते बाहेर आहेत ना?’ मग म्हणाल्या, ‘लग्नाआधी. अठ्ठ्याण्णव साली. सात नंबर होता मला. दोन स्थळं चष्म्यावरनं परत गेली. बाबांनी मुंबईला मामाकडं नेलं आणि करून आणलं. सासरी कुणाला बोलू नकोस म्हणून आईनं शपथ घातली होती.’

‘आणि त्याचे कागद?’

‘आईनं बंबात घातले.’

यात त्या माउलीला दोष देण्यात अर्थ नाही. त्या काळी सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा म्हणजे मुलीच्या लग्नातली खोटच मानत. तिने मुलीचा संसार सावरण्यासाठी कागद जाळले. ते पुन्हा कधी लागतील हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

नेहमीच्या सूत्राने त्या डोळ्याला साडेसतराचे भिंग येत होते. लेझर झालेल्या डोळ्यांसाठी वेगळी सूत्रे आहेत : हायगिस-एल, शमास, बॅरेट ट्रू-के. अमेरिकन सोसायटी ऑफ कॅटरॅक्ट अँड रिफ्रॅक्टिव्ह सर्जरी या संस्थेचे गणनयंत्र संगणकावर विनाशुल्क मिळते. त्यात मापे घातली की अनेक सूत्रांची उत्तरे शेजारी शेजारी दिसतात. त्यांत आकडे आले साडेएकोणीस ते साडेवीस. साडेसतराचे भिंग बसवले असते, तर बाईंना पावणेदोनच्या आसपास अधिक नंबर आला असता.

पुढच्या वेळी बाई एकट्याच आल्या आणि रुमालात गुंडाळलेली वस्तू टेबलावर ठेवली. त्यांचा कॉलेजातला चष्मा. माहेरच्या ट्रंकेत राहून गेला होता, भावाने शोधून दिला. लेन्सोमीटरवर ठेवला : एका डोळ्याचा उणे सात, दुसऱ्याचा उणे पावणेसात. लेझरने किती नंबर घालवला हे कळले, की काही सूत्रे त्याचा उपयोग करून घेतात. त्यांचे उत्तरही वीसच्या पुढेच आले. आम्ही साडेवीसचे भिंग बसवले. महिन्याने नंबर आला उणे अर्धा. लांबचे चांगले दिसते आणि स्वयंपाकघरात चष्म्यावाचून निभते. यजमानांना त्यांनी सांगितले की नाही, मी विचारले नाही. तो त्यांचा प्रश्न. डॉक्टरला सांगितलेली गोष्ट डॉक्टरपाशीच राहते, एवढे मात्र वाचकांनी ध्यानात ठेवावे. घरच्यांसमोर बोलणे अवघड वाटत असेल, तर ‘मला दोन मिनिटं एकटीला बोलायचंय’ एवढे म्हणावे. पुरे होते.

पत्रांतील उरलेल्या प्रश्नांची उत्तरे अशी :

जुने कागद नाहीत, मग काय? घाबरू नये. आजची काही सूत्रे जुन्या माहितीशिवायही चांगले काम करतात. बुबुळाची मागची बाजू मोजणारी यंत्रेही आता आहेत. उलट जुना आकडा चुकीचा असेल तर त्यावर उभा केलेला हिशेबही चुकतो. म्हणून आम्ही एकाच उत्तरावर विसंबत नाही. तरीही कागद, जुना चष्मा, चष्म्याच्या दुकानातली चिठ्ठी, जे असेल ते आणावे. आणि काहीच नसले तरी तोंडाने सांगावे. सगळ्यात मोलाची माहिती तीच.

नंबर हमखास बरोबर येईल का? हमखास नाही. योग्य सूत्रे वापरूनही लेझर झालेल्या डोळ्यात नेम थोडा कमीच बसतो. म्हणून पुष्कळ डॉक्टर मुद्दाम थोडा उणे नंबर राहील असे भिंग निवडतात. नेम चुकलाच, तर तो अधिक नंबराकडे जाऊ नये ही त्यामागची काळजी. ऑपरेशनआधीच हे बोलून घेतले, तर नंतर मनात शंका राहत नाही.

दोन्ही डोळे लागोपाठ करून टाकावेत का? शक्य असेल तर मध्ये काही आठवडे थांबावे. पहिल्या डोळ्याचा नंबर स्थिर झाला की नेम किती आणि कोणत्या बाजूला चुकला हे कळते आणि दुसऱ्या डोळ्याचे भिंग निवडताना त्याचा आधार मिळतो.

लांबचे आणि जवळचे दोन्ही दिसणारे महागडे भिंग घ्यावे का? मल्टिफोकल भिंग येणारा प्रकाश वाटून घेते. लेझर झालेल्या बुबुळातून प्रतिमा आधीच थोडी विस्कटलेली असू शकते. त्यावर असे भिंग बसवले तर रात्री दिव्यांभोवती वलये दिसणे, अक्षर फिके वाटणे अशा तक्रारी वाढू शकतात. बुबुळाचा नकाशा काढून पाहिल्याशिवाय हा निर्णय घेऊ नये. एकाच अंतराचे भिंग आणि वाचनाला साधा चष्मा, यात कमीपणा काही नाही.

नंबर फार चुकला तर? उपाय आहेत. चष्मा तर आहेच. बुबुळ जाड आणि निरोगी असेल तर पुन्हा थोडे लेझर करता येते, आहे त्या भिंगावर दुसरे पातळ भिंग बसवता येते किंवा भिंग बदलता येते. बदलायचे असेल तर पहिल्या काही आठवड्यांत ते सोपे जाते. वर्ष-दोन वर्षांनी भिंग जागी घट्ट बसलेले असते. बसवल्यानंतर बाहेरून प्रकाश सोडून ज्याचा नंबर बदलता येतो, अशा भिंगाला अमेरिकेत 2017 मध्ये मान्यता मिळाली आहे.

लेझर नव्हे, ‘चिरा’ दिल्या होत्या. त्याचे काय? हे गडहिंग्लजच्या पत्रातले. लेझरच्या आधी बुबुळावर हिऱ्याच्या सुरीने सायकलच्या चाकातील आऱ्यांसारखे छेद घेत. तिला आर.के. म्हणतात. 1970 च्या दशकात ती पुढे आणली ती याच फ्योदोरोव्हांनी! भिंगाच्या नंबराचे सूत्र त्यांनी दिले आणि त्या सूत्राला चकवणारी शस्त्रक्रियाही त्यांनीच लोकप्रिय केली. आर.के. झालेल्यांची नजर सकाळी एक आणि संध्याकाळी एक असते. मोतीबिंदूनंतर काही आठवडे त्यांना अधिक नंबर येतो आणि तो हळूहळू उतरतो. त्यांनी भिंग बदलण्याची किंवा नव्या चष्म्याची घाई करू नये.

बुबुळाला हात न लावता डोळ्यात भिंग बसवून नंबर घालवला होता. हे लेझर नाही, पण तेही सांगावे. बुबुळ बदललेले नसल्याने हिशेब सोपा जातो. ते जुने भिंग मात्र मोतीबिंदू काढतानाच बाहेर काढावे लागते.

मापे घेण्याआधी आणखी एक. लेझर झालेल्यांचे डोळे पुष्कळदा कोरडे असतात. कोरड्या डोळ्यावर वक्रतेचे माप दर खेपेला निराळे येते. डॉक्टरांनी आधी काही दिवस थेंब घालायला सांगितले आणि मापासाठी पुन्हा बोलावले, तर ती टाळाटाळ नव्हे.

शेवटी, ज्यांच्या घरात आज कोणी लेझर करून घेत आहे त्यांच्यासाठी. लेझरआधीचा चष्म्याचा नंबर, लेझरआधीचे बुबुळाचे माप, लेझरची तारीख आणि प्रकार आणि सहा महिन्यांनंतर राहिलेला नंबर या चार गोष्टी एका कागदावर डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात. त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा, एक प्रत घरातल्या महत्त्वाच्या कागदांत. मुलीचे लग्न ठरले तर दागिन्यांच्या यादीबरोबर हा कागदही तिच्या हाती द्यावा. तीस वर्षांनी तिच्या डोळ्यात कोणते भिंग बसवायचे, हे त्याच्या आधाराने ठरेल.

पुढील अंकात : काचबिंदूचे थेंब आणि ते मध्येच बंद करण्याची आपली सवय.